थंडीत उतरलेली बॅटरी : ट्रॅक्टरपासून स्पोर्ट्स कारपर्यंत

मोटारीची बॅटरी थंडीत दगा देते, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. ती थंडीमुळे खराब होते, हे विधान मात्र महाराष्ट्रापुरते बहुतेक वेळा चुकीचे ठरते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणाचे गाव. डिसेंबर-जानेवारीत या पठारी भागात पहाटेचा पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली येतो. नदीकाठच्या सखल शिवारात थंड हवा साचत असल्याने गारठा आणखी जाणवतो. मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. या भागातल्या बॅटऱ्या झिजतात उन्हाळ्यात आणि झिजल्याचे कळते हिवाळ्यात. ऊसतोडीचा हंगाम ऐन थंडीत असल्याने ते कळण्याची वेळही गैरसोयीची असते : उजाडण्याआधी फडात पोचायच्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टक-टक वाजतो.

ट्रॅक्टरवाल्याची ही अडचण आणि पुण्या-मुंबईतल्या स्पोर्ट्स कारच्या मालकाची अडचण यांत वरवर काही साम्य दिसत नाही. तरी दोन्ही वाहनांची एक सवय सारखी आहे. दोन्ही आठवडेच्या आठवडे उभी राहतात आणि मग एखाद्या गार सकाळी अचानक लागतात. बॅटरी उतरण्याला थंडीइतकेच, किंबहुना अधिक, हे उभे राहणे कारणीभूत असते.

वाहनांतली नेहमीची बॅटरी शिसे आणि गंधकाम्ल यांची. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने ती १८५९ मध्ये तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या जाळीवर लेप भरलेल्या प्लेटा आणल्या आणि ती कारखान्यात घाऊक बनवण्याजोगी झाली. मोटारीत तिला आजचे काम मिळाले ते चार्ल्स केटरिंगच्या विजेवर चालणाऱ्या स्टार्टरमुळे. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवला गेला आणि पुढे घुमवून इंजिन चालू करण्याचे हँडल हळूहळू मागे पडले. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या जीपांना हँडल मारणारे लोक त्यानंतरही कित्येक दशके दिसत होते.

१२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात; प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. धन प्लेटेवर शिशाचे डायॉक्साइड, ऋण प्लेटेवर मऊ शिसे आणि दोहोंमध्ये पातळ गंधकाम्ल अशी रचना असते. वीज ओढली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये ही क्रिया उलटते. मात्र सल्फेट बराच काळ प्लेटेवर तसेच राहिले तर त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग कितीही चार्जिंग लावले तरी पूर्ण विरघळत नाहीत. म्हणूनच उतरलेली बॅटरी पंधरा दिवस तशीच पडून राहणे हे ती एकदा उतरण्यापेक्षा कितीतरी वाईट.

थंडीचा परिणाम दोन बाजूंनी होतो. बॅटरीच्या बाजूने पाहिले, तर थंड आम्लात आयनांची हालचाल मंदावते, आतला रोध वाढतो आणि एकदम मोठा प्रवाह देण्याची ताकद घटते. २७ अंशांना बॅटरीची ताकद १०० धरली, तर ० अंशाला ती साधारण ६५ आणि उणे १८ अंशांना ४० च्या आसपास उरते. माकणीच्या १० अंशांच्या पहाटेला हा तोटा पाचव्या हिश्श्याच्या जवळपास असतो. इंजिनच्या बाजूने पाहिले, तर तेल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. ट्रॅक्टरमध्ये वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० प्रतीचे तेल गारठ्यात लवकर जड होते. त्यातून डिझेल इंजिन दाबाने तापलेल्या हवेवर पेट घेते. ते हळू फिरले तर हवा पुरेशी तापतच नाही. सेल्फ फिरतो, धूर येतो, पण इंजिन धरत नाही, अशी अवस्था होते ती यामुळे. अशा वेळी एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. आग आणि भाजणे या दोन्हींचा धोका पाहता ती सोडून देणेच बरे.

पण पाचवा हिस्सा गेला म्हणून धडधाकट बॅटरी बंद पडत नाही. नव्या बॅटरीत गरजेपेक्षा बरीच जास्त ताकद राखून ठेवलेली असते. गारठ्यात सेल्फ फिरला नाही याचा अर्थ ती राखीव ताकद आधीच खर्च झालेली होती. ती खर्च करतो उन्हाळा. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की धन प्लेटेची जाळी गंजण्याचा आणि बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. मे महिन्यात बंद बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनशेजारी बॅटरीला सोसावे लागणारे तापमान बाहेरच्या चाळिशीपेक्षा पुष्कळ वर असते. पाणी उडते, प्लेटांचा वरचा भाग उघडा पडतो, लेप सुटून तळाशी गाळ साचतो. युरोपात ज्या प्रकारची बॅटरी सात-आठ वर्षे चालू शकते, ती मराठवाड्यात तीन-चार वर्षांत थकते, यात आश्चर्य नाही. उष्ण प्रदेशासाठीच्या बॅटऱ्यांत आम्ल थोडे सौम्य ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे. पूर्ण चार्ज असताना त्याची घनता थंड देशांत १.२६५ ते १.२८० असते, तर उष्ण देशांत १.२४० च्या आसपासही ठेवतात.

उभ्या वाहनाचा खर्च निराळा. आधुनिक मोटार बंद असतानाही घड्याळ, अलार्म, किल्लीचा रिसीव्हर आणि जीपीएस ट्रॅकर यांच्यासाठी थोडी वीज ओढत राहते. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी २५ दिवसांत निम्मी होते. तुलनेसाठी, सेल्फ तीन सेकंद २०० अँपिअर ओढतो तेव्हा केवळ ०.१७ अँपिअर-तास खर्च होतात; अल्टरनेटर ते काही मिनिटांत भरून काढतो. सेल्फ मारण्यानेच बॅटरी संपते हा समज असा आकड्यांत टिकत नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रॅक्टरला बंद असताना वीज जवळपास लागतच नाही, पण त्याची बॅटरी दुसऱ्या वाटेने रिकामी होते : इंजिन बंद ठेवून रात्रभर टेप वाजवणे, मळणीच्या वेळी दिवे लावणे, मिरवणुकीत साउंडला जोडणे, भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरला लावणे. सेल्फसाठीच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ आणि संख्येने पुष्कळ असतात; थोडा वेळ मोठा प्रवाह देणे हे तिचे काम. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीतल्या प्लेटा जाड, तास-दोन तास हळूहळू उतरण्यासाठी केलेल्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीचे काम सेल्फच्या बॅटरीकडून घेतले की तिचा जीव थोड्याच वेळांत जातो.

बॅटरी खरोखर उतरली आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. चावी फिरवल्यावर दिवे मंद होऊन टक-टक आवाज आला तर संशय बॅटरीवर किंवा टर्मिनलवर. दिवे लख्ख राहून एकच ठक्क आवाज आला तर सेल्फचा सोलेनॉइड किंवा मोटार तपासावी. काहीच झाले नाही तर फ्यूज आणि अर्थिंगची वायर. टर्मिनलवर साचणारी पांढरी-हिरवट बुरशी ही खेड्यातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ असावी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून ती धुवावी, क्लॅम्प घासून आवळावा, वरून पेट्रोलियम जेली लावावी. या दहा मिनिटांच्या कामाने वाचणाऱ्या बॅटऱ्या थोड्या नाहीत.

मल्टिमीटरने मोजायचे तर गाडी काही तास उभी असावी. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे तीनचतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि ११.९ च्या खाली पूर्ण रिकामी. सेल्फ मारताना आकडा १० च्या फार खाली घसरला तर व्होल्टेज असूनही ताकद नाही असे समजावे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. १३ च्याही खाली राहिले तर दोष अल्टरनेटरचा, पट्ट्याचा किंवा रेग्युलेटरचा. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटर याहून चोख सांगतो, कारण तो सेलगणिक वाचन देतो. सहांपैकी एकाचीच घनता फार कमी असेल तर तो सेल मेलेला असतो आणि त्या बॅटरीवर आणखी पैसे घालण्यात अर्थ नाही. भारतीय वाचन २७ अंशांना धरलेले असते आणि दर अंशामागे सुमारे ०.०००७ चा फरक पडतो. १० अंशांच्या पहाटे घेतलेले वाचन त्यामुळे ०.०१२ ने उगाच चांगले दिसते.

आता सुरू कसे करायचे. जुना ट्रॅक्टर उतारावर लावून ठेवणे, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून गिअरवर टाकणे, किंवा चार माणसांनी जीप ढकलणे हे उपाय चालतात, कारण यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा फिरले की त्याला विजेची गरज फारशी उरत नाही. पेट्रोल गाडीत इंजेक्शन, इग्निशन आणि कॉम्प्युटर यांना थोडी तरी वीज लागतेच. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर अशी गाडी ढकलून चालू होत नाही आणि वारंवार प्रयत्न केल्यास न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान होते.

जंपर केबल हा सरळ मार्ग. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला जोडावी. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळ साचलेला असेल तर स्फोट होऊन आम्ल तोंडावर उडू शकते. केबल काढताना क्रम उलटा. जोडल्यावर लगेच सेल्फ न मारता मदत करणाऱ्या गाडीचे इंजिन चार-पाच मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे उतरलेल्या बॅटरीतही थोडा जीव येतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबली बाहेरून जाड दिसतात, आत तांबे जेमतेम; सेल्फचा प्रवाह त्या पेलत नाहीत आणि तापून वितळतात.

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग-उमरग्याच्या पट्ट्यात मदतीला बहुधा ट्रकच थांबतो, आणि तिथे एक मोठी चूक होऊ शकते. अवजड ट्रकची विद्युतव्यवस्था साधारणपणे २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेली असते. दोन्हींच्या बाहेरच्या टोकांवरून केबल घेतली तर मोटारीतले कॉम्प्युटर, एअरबॅगचे मोड्यूल आणि दिवे क्षणात जळू शकतात. दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून, ट्रकचे इंजिन बंद ठेवून, जाणत्या वायरमनने वीज घेतली तर गोष्ट वेगळी. लाखाची गाडी असो की कोटीची, खिशात मावणारा लिथियम जंप स्टार्टर जवळ असणे यापेक्षा सोपे आहे.

स्पोर्ट्स कारमध्ये हे सगळेच अवघड होऊन बसते. मराठी मुलखात बनलेल्या स्पोर्ट्स कार मोजक्याच. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवलेली, सीटांमागे इंजिन असलेली अवंती ही त्यांतली ठळक. बाकी बहुतेक परदेशातून येतात आणि वातानुकूलित तळघरांत उभ्या राहतात. वजनाचा तोल राखण्यासाठी त्यांतल्या काहींची बॅटरी इंजिनपासून दूर ठेवलेली असते. पोर्शे ९११ मध्ये ती पुढच्या सामानाच्या कप्प्यात असते, माझ्दा एमएक्स-५ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागच्या डिकीत. गंमत अशी, की ९९७ पिढीच्या ९११ मध्ये तो पुढचा कप्पा विजेच्या कुलपाने उघडतो. बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचण्याचे दारही बंद. त्यासाठी चालकाच्या पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये ओढून बाहेर काढता येणारे एक धन टोक दिलेले असते. त्याला बाहेरून १२ व्होल्ट आणि गाडीच्या धातूला ऋण जोडून कुलूप उघडून घ्यायचे. त्याच टोकावरून इंजिन चालू करण्याचा प्रयत्न मात्र करायचा नाही, कारण ती वायर तेवढ्या प्रवाहासाठी नसते.

चौकट नसलेल्या दारांची काच, दार उघडताना आपोआप थोडी खाली सरकते. वीज नसली की ती सरकत नाही आणि दार जोरात ओढल्यास रबर किंवा काच दुखावते. पार्किंग ब्रेक विजेचा, गिअर ‘पी’ मध्ये अडकलेला, जमिनीपासूनची उंची एवढी कमी की टोइंगच्या गाडीवर चढवताना पुढचा बंपर घासतो. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये क्लच दाबणारा तेलाचा दाबच इंजिन किंवा विजेचा पंप चालू असल्याशिवाय तयार होत नाही, म्हणून ढकलून चालू करण्याचा विचारही व्यर्थ. बॅटरी बदलल्यावर काचांची मर्यादा पुन्हा शिकवावी लागते. बीएमडब्ल्यूसारख्या काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद कॉम्प्युटरमध्ये केली नाही, तर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. अशा गाडीसाठी योग्य उपाय फक्त प्रतिबंधाचा आहे : गाडी उभी असताना बॅटरी मेंटेनर जोडून ठेवणे. तो सुमारे १३.२ ते १३.६ व्होल्टवर बॅटरी भरलेली राखतो. फेरारीसारखे निर्माते आपल्या गाड्यांसोबत असा चार्जर देतात, यावरून या गाड्या किती काळ उभ्या राहतात याची निर्मात्यांनाही कल्पना असावी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठते त्या दिवसांत मुंबईहून गेलेल्या गाड्या रात्री उघड्यावर उभ्या असतात. दोन महिने तळघरात उतरत आलेली बॅटरी नेमकी तिथे हात टेकते आणि दोष महाबळेश्वरच्या थंडीवर जातो.

उतरलेली बॅटरी पुन्हा भरण्यासाठी पंधरा मिनिटांची चक्कर पुरत नाही. तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या प्रवाहाने, म्हणजे ६० च्या बॅटरीला ६ अँपिअरने, रात्रभर चार्जिंग हे सगळ्यांत निर्धोक. तालुक्याच्या गावी दुकानात मोठ्या चार्जरवर तासाभरात ‘बूस्ट’ करून दिली जाते तेव्हा गाडी चालू होते, पण प्लेटा तापून वाकतात. थंड बॅटरी चार्ज हळू घेते आणि तिला व्होल्टेज थोडे जास्त लागते. म्हणून गारठ्यात ती खोलीत आणून लावलेली बरी, फक्त खोली हवेशीर असावी आणि चूल जवळ नसावी. पाणी भरायचे ते डिस्टिल्डच. बोअरच्या जड पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. हायड्रोमीटरचा आकडा वाढावा म्हणून आम्ल ओतणे हा तर निव्वळ फसवा उपाय : घनता वाढलेली दिसते, सल्फेट जिथल्या तिथे राहते आणि गंज वेग घेतो.

डेट्रॉइट, शिकागो किंवा टोरोंटोला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न निराळ्या रूपात भेटतो. तिथे कडाक्याच्या थंडीत पारा उणे २० अंशांपर्यंतही उतरू शकतो आणि बॅटरी निवडताना पाहायचा मुख्य आकडा म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर. उणे १८ अंशांना ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता, बॅटरी किती प्रवाह देते ते तो सांगतो. भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० च्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. रिकाम्या बॅटरीतले मात्र उणे १० च्या आसपासच गोठते, कवच फोडते. गोठलेल्या बॅटरीला केबल जोडणे धोक्याचे. आधी ती घरात आणून वितळू द्यावी लागते. रात्री इंजिन उबदार राखणारा ब्लॉक हीटर आणि पातळ ०डब्ल्यू प्रतीचे तेल हे तिथले उपाय महाराष्ट्रात अनावश्यक आहेत.

लिथियमने या प्रश्नात नवी गुंतागुंत आणली. पोर्शेने २०१० पासून ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर यांच्यासाठी लिथियम स्टार्टर बॅटरी पर्याय म्हणून दिली. तिचे वजन ६ किलोच्याही आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा सुमारे १० किलो कमी. ० अंशाखाली तिची ताकद घटत असल्याने गाडीसोबत नेहमीची बॅटरीही दिली जाई. शिवाय ० अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडू शकते, आणि तिच्यासाठी चार्जरही तिचाच लागतो. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या इलेक्ट्रिक आवृत्तीतही मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

खरेदी करताना बॅटरीवर ठोकलेला उत्पादनाचा महिना-वर्षाचा संकेत पाहावा, कारण दुकानात आठ महिने पडून राहिलेली बॅटरी नवी नसते. महाराष्ट्रात एक्साइडचे चिंचवड, तळोजा आणि अहिल्यानगर येथे कारखाने असल्याने ताजा माल मिळणे कठीण नाही. वॉरंटी ‘२४ अधिक २४’ अशी लिहिलेली असेल तर दुसऱ्या टप्प्यात बॅटरी फुकट बदलून मिळत नाही, किमतीत सूट मिळते. तपासणीचा खरा महिना ऑक्टोबर : उन्हाळ्याचे नुकसान झालेले असते, गाळप हंगाम तोंडावर असतो आणि दुकानात गर्दी नसते.

थकलेली बॅटरी माकणीच्या परिसरात लगेच भंगारात जात नाही. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या झटका मशीनला थोडीच वीज लागते. तिथे ती आणखी वर्ष-दीड वर्ष निघते. त्यानंतर तिची वाट दुकानदाराकडे परत जाण्याची असावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि जुन्या बॅटरीच्या बदल्यात नवीच्या किमतीत वजावटही मिळते. आम्ल ओढ्यात ओतून उघड्या भट्टीत शिसे वितळवणाऱ्याकडे ती दिली, तर चार पैसे जास्त मिळतील, पण शिशाचा धूर जवळच्या पोरांच्या रक्तात उतरतो.